जिनिंगचा रेंगाळणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर नवे नवे आले तेव्हाची गोष्ट सांगतो. मी पाथरीकडच्या एका सहकारी जिनिंगमध्ये ऑपरेटर होतो. कापसाच्या वजनाची पावती कॉम्प्युटरवर निघायची. ऐन हंगामात पुण्याचा इंजिनियर येऊन कॉम्प्युटर चालवणाऱ्या युनिक्स प्रणालीची नवी आवृत्ती टाकून गेला, आणि दुसऱ्याच दिवशी मशीन रेंगाळायला लागलं. एक पावती निघेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. कापसाच्या गाड्यांची रांग पार सडकेवर गेली.

एक म्हातारा खिडकीत येऊन ओरडला, "ओ बाबू, पहिलं काय वाईट व्हतं? बैलं उपाशी मरायलेत की!"

इंजिनियरला परत बोलावलं. कुठला प्रोग्राम प्रोसेसरला राबवून घेतोय हे त्यानं शोधून काढलं आणि कपाळाला हात लावला. जिनिंगच्या अध्यक्षांनी मागं हौसेनं ह्या इंजिनियरकडूनच स्वतःचं नाव पडद्यावर फिरतं करून घेतलं होतं, भोवती फुलांच्या माळेसकट. नव्या आवृत्तीत ते नाव फिरवण्यातच प्रोसेसरचा सगळा जीव जात होता.

"हे बंद करा, मशीन पळेल," तो म्हणाला.

मॅनेजर घाबरले. "हळू बोला! मी सांगतो त्यांना, नीट."

अध्यक्ष आल्यावर मॅनेजर हात जोडून म्हणाले, "साहेब, तुमच्या नावाचा भार ह्या मशीनला सोसंना झालाय."

अध्यक्ष लय खूश झाले. "मंग मोठं मशीन मागवा की!"

मोठं मशीन येईपर्यंत पावत्या आम्ही हातानं लिहिल्या. कॉम्प्युटरवर हंगामभर एकटे अध्यक्षच फिरत होते.