एका खोलीतला गारवा

एसी दुरुस्तीच्या दुकानात, बिघडलेला टेबलफॅन कवटाळून उभ्या असलेल्या शिंपीकाकांना पुढच्या आजींचं दुकानदाराशी चाललेलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

“व्होल्टेज वाढलं आणि दोन्ही मुलांच्या खोल्यांतले एसी गेले. माझ्या खोलीतला तेवढा वाचला.”

“मग या उकाड्यात झोपता कुठे?”

“सगळे माझ्या खोलीत, खाली गाद्या घालून. लहानपणी झोपायचे तसे. भिंतीकडची जागा कुणाची, यावरून काल पुन्हा जुंपली दोघांची.”

“मग दुरुस्तीला माणूस पाठवू का?”

“नको रे बाबा. वर्षभर जेवायलासुद्धा वेगवेगळे बसायचे. काल दिवा मालवल्यावर कितीतरी वेळ खुसूखुसू हसत होते. मुलांनी विचारलं तर सांग, पार्ट मिळत नाही.”

“थोरल्याचा फोन येऊन गेला, आजी.”

“काय म्हणाला?”

“आईला सांगा, पार्ट मिळत नाही.”