आत वाजवतं कोण?

बोईसरला एस.टी.च्या रांगेत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. त्यातल्या तानीला नव्या कॉलनीत धुणीभांडी मिळाली होती.

“भागी, दाराबाहेर बटण दाबलं का आत बेल वाजते.”

“आत वाजवतं कोण?”

“कोण नाय. लोखंडाला तांब्याची तार गुंडाळलेली हाय. वीज आली का ते लोखंड हातोडीला ओढतं, न् हातोडी वाटीवर आपटते.”

“मंग एकदाच वाजंल!”

“आपटली का वीज तुटते, हातोडी मागं येते. परत वीज, परत ठण्ण. वायरमननं उघडून दाखवली.”

“पण कोण आलंय, ते आतल्याला कसं कळतं?”

“नाय कळत. म्हणून तर बाई पदर सारखा करत, हसत येते.”

“न् दार उघडल्यावर?”

“काल म्हणाली, तू बेल नको वाजवू. मागच्या दाराशी येऊन हाक मार.”