मेहुण्यांच्या गाडीची कावीळ

मंडळी, दिवा कशासाठी लावायचा? आपल्याला दिसावं म्हणून, की आपण दिसावं म्हणून? थांबा — बाहेर कुणाची पांढरी मोटार दिवे लावून उभी आहे? उजेड थेट मृदंगबुवांच्या डोळ्यांत! नका उठू दादा, बसा. आजचं आख्यान तुमचंच आहे!

सावंतवाडीचे दत्ताराम गावडे. नवी मोटार घेतली, आणि दिव्यांचं केवढं कौतुक! "हॅलोजन पिवळा, म्हातारा. झेनॉन निळसर, पण नीट पेटायला वेळ खातो. आपला एलईडी — बटण दाबलं की दुपार!" देवघरातलं निरांजन कधी पुसलं नाही हो, मोटारीचे दिवे मात्र रोज!

मेहुणे केशवरावांची जीप जुनी, दिवे हॅलोजनचे. दत्ताराम चारचौघांत म्हणाले, "मेहुणे, तुमच्या गाडीला कावीळ झालीय!" केशवराव नुसते हसले.

लेकीचा साखरपुडा आजऱ्याला, मुहूर्त सकाळी नऊचा. पहाटे निघाले — पुढे मोटार, मागे जीप. आंबोलीच्या घाटात हे धुकं! झोत नेहमीसारखा वर, तर समोर पांढरी भिंत. धुकं दाटलं — भिंत आणखी पांढरी! एका अंगाला दरी. मागे नटलेली लेक बसलेली. शेजारून पत्नी मालिनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, मुहूर्त…"

"दिसत नाही गं मला!"

लग्नाला पंचवीस वर्षं झाली — हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आलं!

मोटार थांबली. केशवराव उतरून खिडकीशी आले. आता काविळीचा विषय निघणार, म्हणून दत्तारामांनी मान खाली घातली. पण केशवराव म्हणाले, "भाऊजी, मी पुढे होतो. माझ्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवा. फक्त तुमचे दिवे खाली करा. माझ्या आरशात सूर्य उगवला, तर मलाच वाट दिसायची नाही."

दिव्याच्या बटणावर बोट क्षणभर अडलं हो! मग दत्तारामांनी आरशात लेकीचा चेहरा पाहिला, आणि झोत खाली केला. काय सांगू — चाकापुढे रस्त्याचा पट्टा दिसला! चार हातच. पण तेवढ्या चार-चार हातांनी घाट सरला, मुहूर्त साधला.

व्याह्यांनी विचारलं, "एवढ्या धुक्यातून आलात कसे?"

"मेहुण्यांच्या काविळीमागून!" दत्ताराम म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने हसले केशवराव.

हसताय? आपण काय करतो? आपलं शहाणपण, आपले उपवास — झोत समोरच्याच्या डोळ्यांत! माझे सोमवार किती झाले, हे शेजारणीला तोंडपाठ आहे. कुणी सांगितले? मीच!

आता उठा हं, पांढऱ्या मोटारीवाले दादा. दिवे बंद नका करू — नुसते खाली करा. आजींना चपला शोधायच्यात.