धिस करस्पाँडंट

— हॅलो! हां, लागला, लागला — कर्णिकसाहेब, मी निवृत्ती, नाशिकचा वार्ताहर. नाही हो, नवी बातमी नाही, आजच्याच अंकातली — इथल्या द्वारका चौकातल्या मोर्चाची, पान पाच, खाली कोपऱ्यात. मी काय पाठवलं होतं? 'धिस करस्पाँडंट सॉ' — या वार्ताहरानं पाहिलं. आणि तुमच्या डेस्कनं छापलं काय? 'इट इज अलेज्ड' — म्हणे असा आरोप आहे! कुणाचा आरोप? मी तिथेच उभा होतो ना साहेब, हाताच्या अंतरावर! पोलिसांची जीप थांबली, मोर्चातल्या त्या पोराला कॉलर धरून आत कोंबलं, आणि आज चौकीवर गेलो तर म्हणतात, असा कुणी आम्ही आणलेलाच नाही. वर आपलाच पेपर माझ्यापुढे नाचवला — वाचा की, तुमचा पेपरच म्हणतोय, नुसता आरोप आहे. आणीबाणी उठली म्हणता ना तुम्ही मुंबईत? इथे या आणि बघा.

हो, हो, मान्य — तुम्हीच शिकवलंत मला. बातमीत 'आय' म्हणजे 'मी' येत नाही, बातमीत तू नाहीस निवृत्ती, अगदीच गळ्याशी आलं तर 'धिस करस्पाँडंट' म्हण, कुणी तिसराच असल्यासारखं. इतकी सवय लागलीय साहेब, की परवा घरी जेवायच्या वेळी म्हणालो, या वार्ताहराला भूक नाही — आईची हसून हसून पुरेवाट झाली. पण आता गळ्याशी आलंय म्हणूनच तर लिहिलं ना तसं! उद्या तेवढी दुरुस्ती छापा. आपल्या पेपरच्या माणसानं पाहिलं असं एकदा छापून आलं की त्यांना तो पोरगा दाखवावाच लागेल — निदान जिवानिशी मारता तरी येणार नाही. छापताय? खरंच? फार उपकार झाले साहेब! घ्या लिहून — नाव बहिरू, ओझरच्या रस्त्याला वर्कशॉपात लेथवर असतो, डाव्या कानामागे खूण आहे, पाळण्यातून पडला होता लहानपणी, आई अजून मलाच बोलते, तूच जोरात झोका दिलास म्हणून —

नाही, म्हणजे — त्याची आई. मला कुणीतरी सांगितलं ते… हो. हो साहेब. भाऊ आहे माझा. धाकटा, सख्खा. पण म्हणून माझे डोळे खोटे झाले का? 'इंटरेस्टेड पार्टी'! म्हणजे घरचा म्हणून माझी साक्षच धरायची नाही? अहो, त्याच्यात इंटरेस्ट असलेलं दुसरं आहे कोण या गावात? ती म्हातारी कालपासून उंबऱ्यावर बसून आहे, पाण्याचा घोट घेत नाही. ऐका — ऐका ना — भाऊ म्हणून नकाच लिहू. धिस करस्पाँडंटला आई नाही, भाऊ नाही, कुणी नाही, तुम्हीच म्हणालात ना — त्यानं नुसतं पाहिलं, एवढंच छापा! काय? यापुढे ही बातमीच नको? अहो, आरोप तर आरोप, 'अलेज्ड' तर 'अलेज्ड', पण काहीतरी येऊ द्या — पाया पडतो साहेब — कर्णिकसाहेब —

हॅलो? ऑपरेटर, लाइन का तोडली हो ताई? तिकडूनच ठेवला? मग पुन्हा लावा, अर्जंट लावा… घेत नाहीत? कोण बोलतंय विचारतायत? — सांगा त्यांना, बहिरूचा भाऊ बोलतोय. मी. मी पाहिलंय.