फोटोखालची टोपली

(कोल्हापूर, फेब्रुवारी २००४. विद्यापीठातली वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा. शांभवी पीएच.डी. करते, धोंडुबाई तिथं झाडलोट करतात.)

शांभवी : मावशी, या केळ्यांवर राख कसली?

धोंडुबाई : उदबत्तीची असंल. थांब, पुसतो.

शांभवी : उदबत्ती? इथं?

धोंडुबाई : व्हय की, शंकराच्या फोटोम्होरं. रोज सकाळी पाच लावतो. तुझं काम तडीस जाईस्तवर नेम धरलाय मी.

शांभवी : कधीपासून?

धोंडुबाई : दिवाळीपासनं. एक दिस खाडा न्हाय. आगं, बसलीस का खाली?

शांभवी : दिवाळीपासून तीनदा केलेला प्रयोग फुकट गेला, मावशी.

धोंडुबाई : उदबत्तीनं? काय बी!

शांभवी : केळं पिकतं ते इथिलीननं. झाडाचाच हार्मोन, पण वायू. मी खिडकीजवळच्या टोपलीला नायट्रिक ऑक्साईड दिला. तो इथिलीनला आवर घालतो, फळ हिरवं ठेवतो, हे मला दाखवायचं होतं. फोटोखालच्या टोपलीला नुसती हवा.

धोंडुबाई : मग झालंच की तसं! एक हिरवीगार, दुसरी पिवळीधम्मक. तुझ्या गाईड मॅडम केवढ्या खूश हुत्या.

शांभवी : धुरातही इथिलीन असतं.

धोंडुबाई : आगं बया... आमचं मालक बी केळी धुरी देऊनच पिकवायचं.

शांभवी : मग ही आपसूक पिकली की तुमच्या धुरानं? मी आता कशाच्या जोरावर सांगू?

धोंडुबाई : परत कर की.

शांभवी : तीन महिने लागतील. फेलोशिप मार्चला संपते. नंतर गुमान जयसिंगपूरला ये, असं पप्पांनी बजावलंय.

धोंडुबाई : मॅडम कवा येणार?

शांभवी : राजारामपुरीतून निघाल्यात. या प्रयोगावरचा पेपर आज छापायला पाठवायचाय.

धोंडुबाई : मग ऐक. राख मी पुसतो. तू बघितली न्हाईस, मी बोललो न्हाय.

शांभवी : पुसू नका.

धोंडुबाई : पोरी, कुणाला कळतंय?

शांभवी : कुणालाच नाही. त्याचीच भीती वाटतेय मला.

धोंडुबाई : तुझ्या भल्यासाठनं केलं गं. आन् तुझंच वाटोळं केलं.

शांभवी : रडू नका ना. तुमचं नाव नाही घेणार. रोजंदारीवर आहात, उद्याच काढतील. उदबत्ती मीच लावत होते, असं सांगते.

धोंडुबाई : न्हाय.

शांभवी : मावशी, जिन्यात मॅडमच वाटतायत.

धोंडुबाई : येऊ देत. एवढं गमावून खरं सांगाय निघालीस, त्यात माझ्यापायी खोटं घालू नगंस. नाव सांग माझं. मी हितंच हाय.