मैदानातला खिळा

आईला एक्स-रेसाठी आत नेलं होतं, म्हणून लेक दवाखान्यातल्या बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसली होती. शेजारी पायाला बँडेज बांधलेला मुकादम आणि त्याचा मेहुणा, लोडरचा ड्रायव्हर, बोलत होते. तिनं पान काही उलटलं नाही.

"दुखतंय का, दाजी?"

"दिसत नाही?"

"दिसतंय. म्हणूनच विचारलं."

"सोबतीला आलास की टोमणे मारायला?"

"दोन्ही जमतं मला. आपल्या लोडरच्या बकेटलाही जमतं. ती नुसती माती ढकलत नाही, तिचा जबडा उघडतो. काचा, पत्रे, सळया धरून उचलते आणि मग मागे ओढत नेली की जमीन सपाट करते. तुम्हाला मात्र शाळेचं मैदान नुसतं सपाट हवं होतं."

"वेळ नव्हता रे."

"म्हणून पाडलेल्या शेडचा कचरा मातीखाली दडपलात. मी नाही म्हणालो, तर मला उतरवून स्वतः लोडरवर चढलात."

"मैदान छान दिसतंय की नाही?"

"दिसतंय ना. मुख्याध्यापिकाबाईंना मिरवत दाखवायला गेलात आणि चौथ्या पावलाला खिळा घुसला."

"एखादा राहतोच."

"हो, आणि तो एखादा नेमका तुमच्या ओळखीचा निघाला."

"तुझ्या ताईला सांगू नकोस."

"ताईचं सोडा. सोमवारी तिथं शाळेची पोरं खेळणार आहेत."

"पोरं बूट घालून येतात."

"मग तुम्ही काय अनवाणी होतात?"

मुकादमानं खिशातून लोडरची किल्ली काढून मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"सगळं मैदान उकरावं लागेल, दाजी."

"उकर."