उजवीकडचा नाला

सरळ! अहो, सरळ जावी एवढंच म्हणणं होतं माझं! पुढे एक चाक, मागे एक, उजव्या अंगाला साइडकार आणि तिचं एक... तीन चाकं, एक हँडल, ते धरायला मी. मग जावी ना सरळ? काय वावगं बोललो? पण नाही! वडिलांच्या वेळची मोटरसायकल, माझ्या हातात आल्यापासून बावीस वर्षं ती उजवीकडेच जाते! आणि आमच्या गावच्या रस्त्याला उजवीकडे काय आहे? नाला! हँडल ज्यावर फिरतं तो कोनसेट खलास, त्यातले छर्रे झिजलेले, वाट्यांना खळगे पडलेले... त्या खळग्यात एकदा हँडल बसलं की म्हणतं, आता मी हलत नाही, तुझं तू बघ.

मग मी काय करायचो? हँडल डावीकडे ओढून धरायचो. सतत! हा माझा डावा दंड बघा... आणि हा उजवा. एकाच माणसाचे वाटतात का?

आणि साइडकारमध्ये कोण? आपा! माझी सासू. वय अठ्ठ्याहत्तर, वजन विचारू नका, मीही कधी विचारलेलं नाही. बंद मोटारीत बसली की तिला उलट्या होतात, घोड्यावर गुडघे साथ देत नाहीत, म्हणून साइडकार. गाडी उजवीकडे गेली की आपा सगळीच्या सगळी डावीकडे कलणार, माझ्या बरगडीत कोपर रुतवणार आणि ओरडणार, "नाला! बाळा, नाला!" चोपन्न वर्षांचा बाळ मी!

तर परवा लेकीच्या मुलाला पाळण्यात घालायचं होतं. लेकीचं सासर चौदा किलोमीटरवर. पाळणा आपाचा, त्यात ती स्वतः झोपलेली, तिची नऊ मुलं झोपलेली. आमच्याकडे बाळाला पाळण्यात पट्ट्याने बांधतात, तर पहिल्यांदा बांधायचा मान कोणाचा? आपाचा! पण बारापर्यंत पोहोचलो तर. कारण लेकीच्या लग्नात काय झालं होतं ठाऊक आहे ना? नाला! दोन तास उशीर, आपाचा मखमली झगा कमरेपर्यंत ओला, आणि दोनशे माणसांसमोर व्याही म्हणतात, "व्याहीबुवा पोहत आले वाटतं!" म्हणून आपाने आधीच बजावलं, "बाळा, ह्या वेळी उशीर झाला तर ती विहीण पोराला बांधेल. माझ्या नातीचं पोर! माझ्या पाळण्यात! मी मेल्यावर बांध म्हणावं तिला, त्याआधी नाही." आणि तोंड फिरवून बसली. म्हटलं, बस्स. गाडी सरळ करायची.

भाच्याने राजधानीहून, बिश्केकहून नवा कोनसेट पाठवला. आदल्या दिवशी बायको पुढे गेली स्वयंपाकाला, आणि मी सकाळी गाडीचं तोंड ओंडक्यावर चढवलं, चाक काढलं, वरचा नट ढिला केला, तोच फाटकातून एसेनगुल आला. शेजारी! "कोनसेट नाही रे, पुढच्या चाकाचा चिमटा वाकलाय. मी सांगतो ना!" बरं बाबा, सांगितलंस, जा आता. पण दारात आलेला माणूस रोटीचा तुकडा तोंडात घातल्याशिवाय कसा जाईल? आणि तो एकटा खाणार, मी नुसता बघत बसू? हात धुतले. बसलो. रोटी तोडली. तो गेला, हात पुन्हा ग्रीसमध्ये घातले... तोवर दुसरा! "चिमटा नाही, फ्रेम गेलीय." हात धू, रोटी तोड! अकरा माणसं आली, तुम्हाला सांगतो, अकरा! अकरा रोग सांगितले, अकरा वेळा मी हात धुतले, शेवटी शेवटी रोटीवर माझ्या अंगठ्याचे काळे ठसे... आणि ते लोक खात होते हो! वर "लोणी छान आहे" म्हणत होते!

चिमटा खाली ओढला, आणि जुने छर्रे टपटप टपटप अंगणभर! आपा बाकावर चहा पीत होती. उठली, एकेक वेचला, बाहीला पुसला, चहाच्या रिकाम्या डब्यात टाकला. म्हटलं, "आपा, भंगार आहे ते." म्हणाली, "भंगार तुझ्यासाठी."

उन्हं उतरायच्या आत जुन्या वाट्या ठोकून काढल्या, नव्या बसवल्या, ग्रीस भरलं, नट कसला... आणि एका बोटाने हँडल वळवलं. एका बोटाने! लोण्यात सुरी! सरळ! बावीस वर्षांनी सरळ!

दुसऱ्या दिवशी निघालो. मागे पाळणा बांधलेला, साइडकारमध्ये मखमलीत आपा. गाडी अशी सरळ चालली म्हणता... आणि माझा डावा हात? ओढतोय! सवयीने! आणि आपा? कलली! "नाला! बाळा, नाला!" अहो, नाला राहिला तिकडे, आम्ही रस्ता ओलांडून बटाट्याच्या शेतात!

"आपा, सरळ बसा!"

"सरळच बसलेय! बावीस वर्षं अशीच बसते!"

परत रस्त्यावर. परत बटाटे. डावा हात मांडीखाली दाबला, तर आपा एकटीच पुरेशी होती!

आणि व्याह्यांच्या गावात काय बघतो? व्याही दोन माणसं आणि दोरखंड घेऊन फाटकाबाहेर, उजवीकडे, नाल्याच्या काठावर उभे! आम्हाला बाहेर काढायला! मी हात केला... आम्ही त्यांच्यासमोरून डावीकडे गेलो आणि समोरच्या गवताच्या गंजीत पार शिरलो.

बाराला वीस मिनिटं कमी होती. पाळण्याला ओरखडा नाही. आपा गवतातून उठली, झगा झटकला, विहिणीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "कोरडी आहे मी!"

मग तिने बाळाला बांधलं. पट्टा असा घट्ट बांधला... पोराने टाहो फोडला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, विहीण पुढे सरकली. तोच आपाने झग्यातून चहाचा डबा काढला आणि हलवला. खुळखुळ, खुळखुळ! पोर गप्प! हसलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. व्याह्यांना सांगितलं, गवताचं कूस गेलं.

परतताना दुसऱ्या वाटेने आलो, तर तिथेही डावीकडे बटाटेच! तिसऱ्यांदा त्यांत गेलो तेव्हा आपा म्हणाली, "बाळा, हे नवीन काढ. जुनं घाल. नाला निदान ओळखीचा होता." मी तर एका पायावर तयार! पण छर्रे कुठे आहेत? डब्यात! डबा कुठे? पाळण्यात! बायको अजून तिकडेच, तिला फोन केला, म्हटलं, तेवढा डबा घेऊन ये. "नातवाच्या हातातला खुळखुळा काढून घेणार? आजोबा आहात की कोण?"

आजोबा आहे. काय करता? आता गाडी सरळ जाते हो... आम्हीच जात नाही.